नायलॉनचा बुश का अडकला? बहुवारिके आणि त्यांची निवड

रत्नागिरीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न असा आहे. यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेत त्याला बहुवारिकांचा, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात ज्यांना पॉलिमर किंवा सरसकट प्लास्टिक म्हणतो त्यांचा, एक धडा आहे. व्याख्या आणि वर्गीकरण पाठ झाले, पण कोणता पदार्थ कुठे वापरावा हे त्यातून उमगत नाही. त्यातच मे महिन्याच्या अखेरीस वडिलांनी घरच्या होडीच्या शाफ्टचा (पंखा फिरवणाऱ्या दांड्याचा) पितळी बुश, म्हणजे तो दांडा ज्यात फिरतो ते कडे, काढून नायलॉनचा बसवून घेतला. मासेमारी बंदीच्या काळात होडी वर न ओढता खाडीतच नांगरून ठेवली आणि ऑगस्टमध्ये इंजिन सुरू करायला गेले, तर शाफ्ट हलेना. बुश लेथवर कातून देणाऱ्या टर्नरच्या मते नायलॉन हलक्या प्रतीचे होते. ते खरे का?

बहुधा नाही. नायलॉन उत्तम प्रतीचे असले तरी हेच झाले असते, किंबहुना शुद्ध नायलॉनने पाणी थोडे अधिकच प्यायले असते. चूक निवडीची आणि मापाची आहे. मी तीस वर्षे या किनाऱ्यावर फायबरच्या बोटी आणि साच्यातून निघणारे प्लास्टिकचे भाग यांच्या कामात आहे, आणि असे अडकलेले बुश मी छिन्नीने फोडून काढलेले आहेत.

आधी हिशेब मांडू. समजा शाफ्ट ४० मिलिमीटरचा आहे, बुशचा बाहेरचा व्यास ५६ मिलिमीटर आणि टर्नरने क्लिअरन्स, म्हणजे शाफ्ट आणि बुश यांतली मोकळी जागा, ०.२ मिलिमीटर ठेवला आहे. नायलॉन-६ पाण्यात पुरते मुरले की वजनाच्या सुमारे ९ टक्के पाणी शोषते आणि त्याची लांबी-रुंदी २ ते ३ टक्क्यांनी वाढते. दोन महिन्यांत ते पुरते मुरणार नाही, म्हणून आपण वाढ फक्त १ टक्का धरू. बुशच्या कड्याचे क्षेत्रफळ सुमारे १२०६ चौरस मिलिमीटर भरते. दोन्ही दिशांनी १ टक्का वाढ म्हणजे क्षेत्रफळात २ टक्के, अर्थात २४ चौरस मिलिमीटर. बाहेरून धातूची नळी बुशला फुगू देत नाही, त्यामुळे ही सगळी वाढ आत, शाफ्टच्या दिशेने येते. हिशेब केला तर आतले भोक सुमारे ०.४ मिलिमीटरने आवळते. क्लिअरन्स होता ०.२. शाफ्ट अडकणारच.

आता नायलॉन पाणी का पिते, आणि शेजारी पडलेला प्लास्टिकचा निळा ड्रम वर्षभर पाण्यात राहूनही का पीत नाही, हे समजले की बहुवारिकांचा अर्धा धडा समजला.

बहुवारिक म्हणजे एकाच प्रकारचा लहान रेणू, एकवारिक, हजारो वेळा जोडून झालेली साखळी. आपल्याकडे शिरवाळ्या करतात, त्या डोळ्यांसमोर आणा. साच्यातून नुकत्याच पडलेल्या गरम शिरवाळ्या एकमेकींवरून घसरतात. त्याच गार झाल्या की एक शेव उचलावी तर सगळा गोळा उचलला जातो. शेवा लांब असतील तरच हे होते. तुकडे पडलेल्या शिरवाळ्यांचा गोळा हातात धरवत नाही. साखळ्यांचेही तसेच आहे. मेणबत्तीचे मेण आणि पॉलिथिलीन या दोहोंत कार्बन आणि हायड्रोजन यांखेरीज काहीच नसते. मेणाच्या साखळीत वीस-तीस कार्बन असतात, म्हणून ते नखाने खरवडते. ड्रमच्या एचडीपीईमध्ये, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिलीनमध्ये, ते हजारोंनी असतात. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनमध्ये एकेका साखळीत इथिलीनची लाखभर एकके असतात आणि त्याच्या पट्ट्या बंदराच्या धक्क्यावर बोटींची घासाघीस सोसण्यासाठी लावतात. रसायन एकच, लांबी बदलली आणि पदार्थ बदलला. अशा लांबलचक साखळ्या खरोखर असतात हे हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनज्ञाने १९२० मध्ये मांडले, तेव्हा बड्याबड्या रसायनज्ञांना ते पटले नव्हते. त्यांना नोबेल पारितोषिक मिळायला १९५३ साल उजाडले.

पॉलिथिलीनच्या साखळीला पाण्याची ओढ नाही, मेणाला जशी नसते तशीच. नायलॉनच्या साखळीत मात्र ठरावीक अंतरावर अमाइड गट असतात. हे गट शेजारच्या साखळीतील गटांना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. नायलॉनचा चिवटपणा, झीज सोसण्याची ताकद आणि २२० अंश सेल्सिअसपर्यंत न वितळण्याचा गुण या पकडीतून येतो. परंतु पाण्याचा रेणूही त्याच गटांना त्याच प्रकारे चिकटतो. तो साखळ्यांच्या मधे शिरतो, पकड ढिली करतो आणि जागा व्यापतो. म्हणजे ज्या कारणाने नायलॉन चांगले, त्याच कारणाने ते फुगते. साच्यातून काढलेले नायलॉनचे भाग पाण्यात उकळून मग वापरायला देण्याची रीत कारखान्यांत आहे, तीही याचसाठी: कोरडे नायलॉन ठिसूळ असते आणि थोडे पाणी प्यायले की ते चिवट होते.

म्हणून पाण्याखालच्या बेअरिंगला नायलॉन वापरायचेच असेल, तर ते आधी पाण्यात मुरवून मग लेथवर चढवावे किंवा क्लिअरन्स फुगवट्याचा हिशेब करून ठेवावा. त्यापेक्षा दुसरा पदार्थ घेतलेला बरा. ॲसिटल हे टणक प्लास्टिक पाण्यात पुरते मुरले तरी १ टक्क्याहून कमी पाणी शोषते. बोटींसाठी सर्वांत रुळलेला उपाय म्हणजे पितळी नळीत नायट्राइल रबराचे अस्तर असलेला, आतून लांबीच्या दिशेने खाचा पाडलेला बुश. खाचांतून समुद्राचे पाणी वाहते, तेच वंगणाचे काम करते आणि वाळूचा कण आत आला तर रबर दबते व कण खाचेतून निघून जातो. वंगण म्हणून पाणी आणि बेअरिंग म्हणून रबर, ही जोडी ऐकायला विचित्र वाटते, पण खाडीच्या गढूळ पाण्यात ती पितळेपेक्षा जास्त टिकते.

वर्गीकरणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्ही वाचलेलेच आहे. उष्णतेने मऊ होणारी बहुवारिके गुळासारखी: वितळवा, साच्यात ओता, पुन्हा वितळवा. पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी, नायलॉन आणि पेट (पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक) ही त्यांतली. उष्णतेने किंवा रसायनाने कायमची घट्ट होणारी बहुवारिके आंबोळीसारखी. तव्यावरच्या आंबोळीचे पुन्हा पीठ होत नाही, कारण साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी शिवल्या गेलेल्या असतात. बेकेलाइट, इपॉक्सी आणि होडीचे पॉलिएस्टर रेझिन ही त्या घरची. तिसरे रबर, ज्याच्या साखळ्यांना मोजकेच टाके घातलेले असतात. दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत. तिथे झाडावरून उतरवलेला चीक वाळवला तर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होतो. त्यात गंधक घालून तापवले की तो ताणून सोडला तरी मूळ आकारात येतो. चार्ल्स गुडइयर यांना हे १८३९ मध्ये सापडले आणि आजच्या टायरापर्यंत तेच तत्त्व चालत आले आहे.

अभियंत्याने खरे लक्ष द्यायला हवे ते पुढच्या मुद्द्यावर, आणि अभ्यासक्रमात नेमका तोच दोन ओळींत उरकलेला असतो. पोलादाची ताकद विचारली तर एक आकडा सांगता येतो. बहुवारिकाची ताकद विचारणाऱ्याला मी आधी उलट प्रश्न करतो: किती तापमानाला, आणि किती काळ?

तापमानाचे कारण असे. प्रत्येक बहुवारिकाचे एक काच-संक्रमण तापमान असते. त्याच्या खाली साखळ्या गोठल्यासारख्या असतात आणि पदार्थ काचेसारखा ताठ राहतो, तर त्याच्या वर साखळ्या वळवळू लागतात आणि पदार्थ लवचिक होतो. पीव्हीसीसाठी हे तापमान सुमारे ८० अंश आहे. म्हणूनच सौर बंबाच्या गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप लावला तर तो आठवड्याभरात पोट सोडून लोंबतो आणि तिथे अधिक उष्णता सोसणारा सीपीव्हीसी लागतो. पॉलिप्रॉपिलीनचे हे तापमान शून्य अंशाच्या आसपास आहे. कोकणात त्याची खुर्ची कधी थंडीने तडकत नाही. हिमाचलात तडकू शकते.

काळाचे कारण त्याहून महत्त्वाचे. भार दिल्याबरोबर पोलाद जेवढे ताणायचे तेवढे ताणते आणि थांबते. बहुवारिक ताणतच राहते, कारण साखळ्या एकमेकींवरून हळूहळू सरकत असतात. याला विसर्पण म्हणतात. पडवीत दोन खांबांना बांधलेली प्लास्टिकची दोरी पावसाळ्यात ओल्या कपड्यांच्या भाराने दर आठवड्याला थोडी अधिक झोळते आणि पुन्हा ओढून बांधावी लागते, ते हेच. नळपाणी योजनेच्या काळ्या पाइपवर पीई १०० असे छापलेले असते. त्याचा अर्थ २० अंश तापमानाला, पाण्याच्या दाबाखाली ५० वर्षांनंतरही तो किमान १० मेगापास्कल ताण सोसेल असा आहे. तोच पाइप एका तासाच्या चाचणीत याहून बराच जास्त ताण सहज सोसतो. रचनेचा हिशेब करताना ५० वर्षांचाच आकडा घ्यायचा, तासाभराचा नव्हे. शिवाय आपल्याकडे जमिनीवर उघड्या पडलेल्या पाइपचे तापमान मे महिन्यात २० अंशांच्या कितीतरी वर जाते, म्हणून दाब आणखी कमी धरावा लागतो. असा पाइप उघड्यावर टाकताना त्याला जागाही द्यावी लागते: दहा मीटरचा एचडीपीई पाइप तापमान ३० अंशांनी वाढले की सुमारे पाच सेंटीमीटर लांब होतो, तेवढाच पोलादी पाइप जेमतेम साडेतीन मिलिमीटर.

तो पाइप काळा का, हेही सांगतो, कारण ग्राहक रंगावरून वाद घालतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण साखळ्या तोडतात. साखळी आखूड झाली की आपण पुन्हा मेणाच्या दिशेने जातो, म्हणजे पृष्ठभागावर पांढरी भुकटी सुटते आणि मग भेगा पडतात. एचडीपीईमध्ये २ ते ३ टक्के काजळी नीट मिसळली तर ती हे किरण शोषून घेते. काळा रंग हे इथे औषध आहे. जेटीवर उन्हात पडलेली रंगीत पॉलिप्रॉपिलीनची दोरी हातात घेतली आणि तिचे बारीक तंतू तळहातात टोचले, तर ती नांगराला बांधू नये, मग ती कितीही जाड असो.

दोऱ्या आणि जाळी यांची निवड तर घनतेवरच ठरते आणि आपले तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, ती पुस्तक न उघडता करतात. समुद्राच्या पाण्याची घनता घन सेंटीमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम आहे. पॉलिप्रॉपिलीन ०.९० आणि एचडीपीई ०.९५ च्या आसपास, म्हणून ही दोन्ही तरंगतात, नायलॉन १.१४, म्हणून ते बुडते. पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे, माशाला दिसू नये असे जाळे तंगुसाचे, म्हणजे एकपदरी नायलॉनचे. ते पारदर्शक असते, बुडते आणि मासा धडकल्यावर ताणून त्याला धरते. नांगराला नायलॉनचाच दोर चांगला, कारण तो लाटेचा हिसका ताणून पचवतो. भिजल्यावर त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी कमी होते, तेवढी जाडी वाढवून घ्यावी. तरंगणारा दोर स्वस्त असतो म्हणून नांगराला लावणाऱ्यांच्या पंख्यात तो कधी ना कधी गुंडाळला जातोच.

आता होडीकडे. आपण जिला फायबरची होडी म्हणतो तिच्यात फायबर, म्हणजे काचेचे तंतू, वजनाच्या साधारण एक तृतीयांश असतात. बाकी पॉलिएस्टर रेझिन. तंतू ताण घेतात, रेझिन तंतूंना जागेवर धरते आणि भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोहोचवते. साच्याला मेण लावून त्यावर आधी जेलकोटचा, म्हणजे बाहेरून दिसणाऱ्या गुळगुळीत रेझिनचा, अर्ध्या मिलिमीटरचा थर देतात, तो किंचित चिकट असतानाच काचतंतूंची मॅट (चटई) पसरतात, ब्रशने रेझिन पाजतात आणि लोखंडी रोलरने हवा दाबून काढतात. कोरडी मॅट पांढरी दिसते, रेझिन मुरले की ती दिसेनाशी होते. जिथे पांढरा डाग राहिला तिथे हवा राहिली असे समजावे. रेझिन घट्ट करण्यासाठी कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि पेरॉक्साइडचा हार्डनर लागतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि नंतरच हार्डनर घालायचा. हे दोन द्रव थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत; स्फोट होतो. माझ्या कामावर दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या खोल्यांत असतात आणि नव्या मुलाला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगितली जाते.

हार्डनर साधारण १ ते २ टक्के. मे महिन्यात १ टक्क्यानेही बादलीतले रेझिन पाहता पाहता धुमसू लागते, म्हणून थोडे थोडेच कालवावे. मात्र वेळ मिळावा म्हणून १ टक्क्याच्या खाली जाऊ नये, कारण मग साखळ्यांचे टाके अर्धवट राहतात आणि ती उणीव पुढे कशानेही भरून निघत नाही. दमटपणा याहून वाईट. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या घाईपोटी मी ऑगस्टमध्ये एक होडी ओतली. मॅटचे गठ्ठे गोदामाच्या जमिनीवर पडून ओलसर झाले होते, ते मी चालवून घेतले. दोन हंगामांनी तळाला रुपयाच्या नाण्याएवढे फोड आले. खिळ्याने टोचल्यावर आतून आंबट वासाचे पाणी चिळकांडीसारखे उडाले. जेलकोटच्या आड अडकलेल्या ओलाव्यात रेझिनमधले विद्राव्य पदार्थ उतरले होते आणि ते बाहेरचे पाणी आत ओढत राहिले. वाटाणे भिजवल्यावर फुगतात तोच परासरणाचा प्रकार. संपूर्ण तळ घासून, महिनाभर वाळवून, इपॉक्सीने पुन्हा करावा लागला आणि तो खर्च माझाच होता. तेव्हापासून पाण्याखालच्या थरांना मी साध्या ऑर्थोफ्थॅलिक पॉलिएस्टर रेझिनऐवजी पाण्याला अधिक टिकणारे आयसोफ्थॅलिक वापरतो आणि मॅट फळीवर, जमिनीपासून हातभर उंच ठेवतो.

पोलादाचा ताठपणा सुमारे २०० गिगापास्कल, मॅटच्या थराचा जेमतेम ७-८. म्हणून पोलादी बोटीचे नकाशे घेऊन फायबरची बोट करता येत नाही. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. जाडी दुप्पट केली की तो आठपट होतो. त्याचा फायदा घेऊन आपण आतून पोकळ बरगड्या देतो आणि वजन फारसे न वाढवता ताठपणा मिळवतो. आणखी एक गोष्ट: लाकडी होडी उलटली तरी तरंगते, फायबरचा थर मात्र पाण्याच्या दीडपट जड असतो आणि तळाशी जातो. म्हणून नाळेत (पुढच्या टोकाला) आणि वरामात (मागच्या टोकाला) बंद पेशींच्या पॉलियुरेथेन फोमचे कप्पे हवेतच. ते वाचवणाऱ्याकडून होडी घेऊ नये.

तुमच्या धड्यात बहुधा नसेल, असे कोकणचे स्वतःचे एक बहुवारिकही सांगतो. वेंगुर्ला-मालवणकडच्या काजू कारखान्यांत टरफलांतून निघणारे, कातडी जाळणारे काळपट तेल पूर्वी होड्यांच्या लाकडाला फासत. हे तेल तापवले की त्यातून कार्डानॉल मिळते. ते फिनॉलच, फक्त पंधरा कार्बनची लांब शेपटी असलेले. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून बेकेलाइट बनवले. कार्डानॉल त्याच वाटेने जाते, पण शेपटीमुळे त्याचे रेझिन थोडे लवचिक आणि पाण्याला दाद न देणारे होते. त्याची भुकटी वाहनांच्या ब्रेकच्या अस्तरात घालतात, कारण तापल्यावरही ती घर्षण टिकवते. याच तेलापासून इपॉक्सीचे असे हार्डनर बनतात जे ओलसर पृष्ठभागावरही धरतात. जहाजांच्या रंगात त्यांना मोठी मागणी आहे. बागायतदार ज्याला टाकाऊ समजतो त्याची ही किंमत आहे.

रेल्वेने प्रवास करत असाल तर स्थानकावर उभे राहून रुळाखाली पाहा. रूळ आणि काँक्रीटच्या स्लीपरमध्ये खाचांची रबरी गादी दिसेल, आणि पोलादी क्लिपखाली काचतंतू मिसळलेल्या नायलॉन-६६ चे लायनर. तिथे नायलॉन का चालते? कारण तिथे पाव मिलिमीटरच्या क्लिअरन्सवर काही अवलंबून नाही, पाणी प्यायल्याने आलेला चिवटपणा उलट उपयोगी पडतो, आणि काचतंतूंमुळे फुगवटाही कमी होतो. रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल तुम्ही पाहिला असेल. तो एका टोकाला ओतून पुढे ढकलत नेण्याच्या पद्धतीने बांधला. या पद्धतीत काँक्रीटचा प्रचंड भार टेफ्लॉनच्या पृष्ठभागावरून सरकवतात, कारण घासलेल्या स्टेनलेस पोलादावर टेफ्लॉनचा घर्षणांक ०.०५ च्या आसपास असतो. हेच टेफ्लॉन तुमच्या शाफ्टच्या बुशला चालले नसते. ते मऊ आहे आणि वाळूने लवकर झिजते.

हातात आलेला तुकडा कशाचा आहे हे प्रयोगशाळेशिवायही बरेचसे कळते. नखाएवढी चकती कापा आणि पाण्याच्या वाटीत बोट लावून बुडवा. तरंगली तर पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीन. बुडाली तर उघड्या जागेत, वाऱ्याच्या पाठीशी उभे राहून, चिमट्यात धरून कोपरा पेटवा: जळक्या केसांचा वास आला तर नायलॉन, ज्योतीबाहेर काढताच विझली आणि धूर नाकाला झोंबला तर पीव्हीसी, तो धूर हुंगत बसू नका.

अडकलेल्या बुशचा तुकडा तुमच्याकडे असेलच. त्याची दोन मिलिमीटर जाडीची चकती कापून दोन दिवस ओव्हनमध्ये ८० अंशांवर वाळवा आणि महाविद्यालयातल्या अचूक तराजूवर वजन करा. मग समुद्राच्या पाण्याच्या बरणीत सोडा आणि दर आठवड्याला पुसून पुन्हा वजन करा. वाढलेले वजन उभ्या अक्षावर आणि दिवसांचे वर्गमूळ आडव्या अक्षावर मांडलेत तर सुरुवातीला सरळ रेषा मिळेल, मग ती वाकून आडवी होईल. शेजारच्या बरणीत ॲसिटलची तेवढीच चकती ठेवा. दोन्ही आलेख वडिलांना आणि टर्नरला दाखवा, आणि नवा बुश कशाचा करायचा ते तिघांनी मिळून ठरवा.